उन्हाचा हिशेब

अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी होतात, उसाच्या रसाचे कलश रिकामे होतात आणि त्यानंतर नागपूरचा खरा उन्हाळा सुरू होतो. इतवारीच्या किराणा ओळीत सकाळी दहापर्यंत असलेली गजबज बारानंतर ओसरू लागते. दुकानांपुढे हिरवी जाळी आणि ताडपत्र्या ओढल्या जातात, मुनीमजी गादीवरून पंख्याखाली सरकतात, गिऱ्हाईक सायंकाळची वाट पाहते. रस्त्यावर राहतात ते फक्त ज्यांना राहावेच लागते ते: हातगाडीवाले, पाठीवर पोती वाहणारे हमाल, घरपोच माल पोहोचविणारी मुले. पूर्वी त्यांत बँकेचे शिपाईही असत. हा लेख प्रामुख्याने त्यांच्याविषयी आहे. आणि थोडा आपल्या घरातील अशा माणसांविषयी, जी उन्हात पाऊलही ठेवत नाहीत आणि तरीही उन्हाने आजारी पडतात.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यांपैकी साडेचार वर्षे इतवारीतील एका शाखेचा व्यवस्थापक होतो. पुढील हकीकत सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील आहे. आजवर ती मी कोठे लिहिली नाही, कारण तिच्यात चूक माझी आहे.

त्या काळी धनादेशांची देवाणघेवाण प्रत्यक्ष कागदाने होत असे. आजच्या तरुण व्यापाऱ्यांना हे सांगावे लागते, कारण आता धनादेशाची केवळ प्रतिमा पाठविली जाते. सकाळी क्लिअरिंग हाऊसमधून आलेल्या धनादेशांपैकी ज्यांच्या खात्यात शिल्लक नसेल ते त्याच दिवशी दुपारी ठरलेल्या वेळेच्या आत परत पोहोचवावे लागत. वेळ टळली की ती रक्कम बँकेच्या गळ्यात. त्या दिवशी एका बड्या खातेदाराचा धनादेश शिल्लक नसल्याने परत करायचा होता. शेठजींचा दूरध्वनी आला, ‘साहेब, थोडा वेळ द्या, पैसे भरतो.’ जुना संबंध, मोठे खाते. मी थांबलो. साडेअकरा वाजता पाठवायची पिशवी एक वाजून गेला तरी टेबलावरच होती. पैसे काही आले नाहीत. शेवटी मी शिपाईकाकांना हाक मारली आणि म्हटले, ‘काका, जरा घाईने जावे लागेल.’

काका चोपन्न वर्षांचे होते. मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे पुण्याला राहून आदल्याच दिवशी कामावर रुजू झाले होते. त्या दिवशी त्यांचा उपवास होता, सकाळपासून पोटात फक्त चहा. हे सारे मला नंतर कळले. विचारले असते तर आधीच कळले असते. ते सायकलने गेले, वेळेत पोहोचले आणि तीनच्या सुमारास परत आले. माझ्या टेबलावर पावती ठेवली आणि मला माझ्या आधीच्या व्यवस्थापकांच्या नावाने हाक मारली. रोखपाल हसले. मग काका तिजोरीच्या खोलीकडे गेले आणि तिच्या दाराला सायकलची किल्ली लावू लागले. आम्ही सर्वच हसलो. काका स्वभावाने विनोदी होते, त्यामुळे आम्हाला ती थट्टाच वाटली. अशी दहा मिनिटे आम्ही हसण्यात घालविली.

त्यानंतर ते भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटू लागले. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतके तापलेले. आम्ही त्यांना माझ्या वातानुकूलित खोलीत नेले, कोणी ग्लुकोजचे पाणी कालवून आणले आणि चमच्याने तोंडात घालू लागले. त्यांना ठसका लागला, पाणी नाकातून बाहेर आले. दाराशी सावलीला उभा असलेला एक हमाल हे पाहत होता. तो आत आला आणि म्हणाला, ‘साहेब, तोंडात नका ओतू. याले ऊन लागलं हाये. अंगावर ओता पाणी, अंगावर.’ त्यानेच काकांना उचलून ओसरीत नेले, सदरा काढला, ग्राहकांसाठी ठेवलेले दोन्ही रांजण त्यांच्या अंगावर रिते केले आणि आम्हाला जुन्या खातेवह्यांचे पुठ्ठे घेऊन वारा घालायला लावले. मग रिक्षा आली. डॉक्टर पुढे म्हणाले की ओसरीतील ती पंधरा मिनिटे नसती, तर रुग्णालयाचा काही उपयोग झाला नसता.

काका नऊ दिवस रुग्णालयात होते. मूत्रपिंडांना इजा झाली होती. ती बरीचशी भरून आली, पूर्ण नाही. दोन महिन्यांनी ते कामावर आले, पण सायकलीवर पुन्हा बसले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘रिटर्न वेळेत पोहोचले होते ना, साहेब?’ शेठजींनी दुसऱ्या दिवशी रोख रक्कम भरली आणि धनादेश परतीचे शुल्क माफ करावे असा अर्ज दिला. तो मी नामंजूर केला. शेठजींना मी जो दीड तास दिला, तो काकांच्या अंगावरून वसूल झाला होता; त्याचे शुल्क मात्र कोणाच्याच खात्यात नोंदले गेले नाही.

त्या घटनेनंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. मी वाणिज्य शाखेचा माणूस, वैद्यकाचा नाही. तरीही मूळ गोष्ट जमाखर्चाइतकीच सरळ आहे. आपल्या शरीराचे आतील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि त्वचेचे सुमारे ३५ अंश. भोवतालची हवा त्वचेहून थंड असते तोवर शरीरातील उष्णता आपोआप बाहेर पडते. हवा ३५ अंशांच्या वर गेली की व्यवहार उलटतो. बाहेरची उष्णता आत येऊ लागते. मग उष्णता घालविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. नुसता गळून खाली पडलेला घाम हा परत आलेल्या धनादेशासारखा, कागद आहे पण जमा काही नाही.

म्हणूनच केवळ पारा पाहून ऊन समजत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक उन्हात बसले होते. त्या दिवशी तेथील पारा चाळिशीच्या आतच होता. नागपूरकर त्याला उन्हाळा म्हणणार नाहीत. तरीही उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही. आपल्या विदर्भाच्या कोरड्या हवेत नेमके याच्या उलट होते. घाम इतक्या झपाट्याने वाळतो की तो येतो आहे हेच कळत नाही. पोती वाहणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते आणि त्याचा सदरा कोरडाच दिसतो. तहान लागेपर्यंत खात्यात तूट पडलेली असते.

वर्तमानपत्रातील आकड्यांविषयीही थोडे सांगतो. हवामान खात्याचे तापमान हे गवती जमिनीवर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या पेटीच्या सावलीत मोजलेले असते. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांची नोंद झाली, ती अशा सावलीतली. डांबरी रस्त्यावर, पत्र्याच्या गोदामात किंवा ट्रकच्या हौद्यात उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येते ते त्याहून पुष्कळ अधिक. दुसऱ्या बाजूने, मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखविले आणि ती वार्ता देशभर झाली. तो उपकरणातील दोष होता, असे हवामान खात्याने लगोलग स्पष्ट केले. पण आमच्या परिचयातील अनेकजण आजही तो आकडा अभिमानाने सांगतात. आकडा फार आकर्षक असेल तर मूळ व्हाउचर पाहावे, ही बँकेची शिकवण येथेही लागू पडते.

सपाट प्रदेशासाठी हवामान खात्याचा निकष असा आहे: कमाल तापमान किमान ४० अंश असून सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, किंवा पारा ४५ ला पोहोचला असेल, तर उष्णतेची लाट. ४७ ला पोहोचला तर तीव्र लाट. पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे आता भ्रमणध्वनीवर येतात. आपण रोज सकाळी सोन्याचा आणि डाळीचा भाव पाहतो. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत त्याबरोबर हा रंगही पाहावा आणि त्यानुसार त्या दिवशीची माल उतरविण्याची वेळ ठरवावी.

याबाबतीत अहमदाबादने देशाला धडा घालून दिला आहे. २०१० च्या मे महिन्यात तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात असे कारण लिहिलेली मृत्यूची दाखलपत्रे फार थोडी होती. कोणी हृदयविकाराने गेले, कोणी मूत्रपिंडाने, कोणी नुसतेच वार्धक्याने, अशी नोंद होती. अभ्यासकांनी मग हिशेबतपासनीसाची साधी युक्ती वापरली. त्या महिन्यातील एकूण मृत्यू मोजले आणि आसपासच्या वर्षांतील त्याच महिन्याच्या सरासरीतून वजाबाकी केली. नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक निघाले. एका शहरात, एका महिन्यात! त्यानंतर अहमदाबाद महानगरपालिकेने तज्ज्ञ संस्थांच्या साहाय्याने २०१३ मध्ये उष्णतेसाठीचा कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील तो पहिला. पूर्वसूचना, रुग्णालयांची तयारी, पाण्याची केंद्रे, बागा दुपारी खुल्या ठेवणे अशा त्यातील गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पुढे झालेल्या अभ्यासात या आराखड्यामुळे वर्षाला हजाराहून अधिक प्राण वाचत असावेत असा अंदाज काढला गेला. नागपूरसह अनेक शहरांनी नंतर असे आराखडे केले.

अहमदाबादला मी नोकरीनिमित्त दोन वर्षे होतो. जुन्या शहरातील पोळांमध्ये आपल्या समाजाची कितीतरी घरे आहेत. अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकून उभी घरे, मध्ये चौक आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. भर वैशाखात रस्त्यावरून त्या चौकात पाऊल टाकले की अंगाची तलखी थांबे. आमच्या महालातील वाड्यातही जाड भिंती, पडवी आणि दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर शिंपडलेले पाणी होते. ते वाडे आपणच पाडले आणि त्यांच्या जागी पश्चिमेकडे काचेची तावदाने असलेल्या इमारती उभ्या केल्या. मी स्वतः अशाच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहतो, तेव्हा इतरांना दोष देण्याचा मला अधिकार नाही.

वरच्या मजल्याची अडचण अशी की सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात ओततो. दिवसाची उष्णता सोसलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशी ते आधीच थकलेले असते. लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजारी पडणाऱ्यांची संख्या वाढते ती यामुळे. गच्चीला चुन्याचा पांढरा हात देणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो आणि खालच्या खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. चुन्यात डिंकासारखा चिकट पदार्थ मिसळला नाही तर तो पहिल्या पावसात धुऊन जातो, हा स्वानुभव. गोदामाच्या पत्र्यांनाही हेच करता येते. गोदामात माल असतो म्हणून आपण त्याचा विमा उतरवितो; त्याच पत्र्याखाली माणसे आठ तास असतात.

कूलरविषयी नागपूरकरांना मी काय सांगणार? तरी दोन चुका घरोघरी दिसतात. कूलर लावून खिडक्या बंद केल्या की ओलसर हवा खोलीतच कोंडते आणि घाम वाळायचा थांबतो. समोरची एक खिडकी उघडी हवीच. दुसरी चूक जिवावर बेतणारी: कूलर चालू असताना त्यात पाणी भरणे. दर उन्हाळ्यात विजेच्या धक्क्याच्या बातम्या येतात. आधी प्लग काढावा, मग टाकीला हात लावावा. आणि हवा चाळिशीच्या बरीच वर गेली असेल तर नुसता पंखा हा भट्टीचा भाता ठरतो. अंगावर ओला पंचा असेल तरच त्याचा उपयोग.

येथे कांद्याचा विषय टाळता येत नाही. विदर्भात उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. आमच्या घरात कांदा येत नाही, त्यामुळे लहानपणी शाळेतील मित्र मला सांगत की तुला ऊन लागणारच. खिशातला कांदा उष्णता शोषून घेतो याला कोणताही आधार नाही, तेव्हा आपले काही नुकसान झालेले नाही. डोक्याला आणि कानांना गुंडाळलेला ओला दुपट्टा मात्र खरोखर उपयोगी आहे, आणि कैरीचे पन्हेही. कारण त्यात पाणी, मीठ आणि गूळ असे तिन्ही असते. पन्हे नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण लक्षात ठेवावे. मीठ डोळ्यांच्या अंदाजाने घालू नये. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आता घरातील गोष्ट. माझ्या मातोश्री ८८ वर्षांच्या आहेत. गेली पंचावन्न वर्षे त्यांचा चौविहाराचा नियम आहे; सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही, ते दुसऱ्या दिवशी नवकारशी येईपर्यंत. मेअखेरीस नागपुरात सूर्य पावणेसातनंतर मावळतो आणि साडेपाचच्या सुमारास उगवतो. त्यात नवकारशीची ४८ मिनिटे मिळविली की साडेअकरा तास होतात. तरुण वयात ते निभते. वार्धक्यात तहानेची जाणीवच मंद होते. शरीराला पाणी हवे असते आणि मन मागत नाही. भरीला त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी होती. गेल्या वर्षी नवतपाच्या तिसऱ्या रात्री त्या उठल्या, भोवळ येऊन पडल्या आणि मला ओळखेनात. मी वीस वर्षांपूर्वी एकदा हसलो होतो; या वेळी हसलो नाही. ओल्या चादरीत गुंडाळून, पंखा लावून, १०८ क्रमांकाला दूरध्वनी केला.

बऱ्या होऊन घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, रात्री पाणी हवे. मातोश्री म्हणाल्या, ‘तुझ्या त्या गोळीसाठी मी पंचावन्न वर्षांचा नियम मोडू?’ घरात दोन दिवस अबोला होता. मी चिडलो होतो हे कबूल करतो. शेवटी उपाश्रयात विराजमान असलेल्या साध्वीजींना विचारायला गेलो. त्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि मातोश्रींना समजावून सांगितले की पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात ते उगाच नव्हे. चित्ताची समाधी ढळू नये यासाठी रुग्णाला त्यांत मोकळीक आहे. उन्हाळ्याचे दोन महिने चौविहाराऐवजी तिविहार घ्या, म्हणजे आहार वर्ज्य राहील आणि पाणी घेता येईल. ज्या शब्दाने माझे काम झाले नाही ते त्यांच्या शब्दाने झाले. तिकडे डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण आणि वेळ बदलली. अनेक डॉक्टरांना आपले हे नियम ठाऊक नसतात आणि आपण संकोचाने सांगत नाही. औषधाचे वेळापत्रक मग कागदावरच राहते. ते पहिल्याच भेटीत सांगावे.

मातोश्री आता पाटावर आठ बदाम मांडून ठेवतात. एक पेला पाणी झाला की एक बदाम डबीत जातो. सूर्यास्तापूर्वी पाट रिकामा झाला पाहिजे असा त्यांचाच दंडक आहे. पाणी पहाटे एकदाच उकळतो. उन्हाळ्यात उकळलेल्या पाण्याचा काळ पाच प्रहरांचा असल्याने ते दिवसभर चालते आणि दुपारी स्वयंपाकघरात शेगडी पेटवावी लागत नाही. मातीच्या माठात ते पुरेसे थंड होते. वयस्कर माणसाने पुरेसे पाणी घेतले की नाही हे ओळखण्याची खूण लघवीच्या रंगात आहे. गडद पिवळी म्हणजे कमी. हे छापायला संकोच वाटतो, पण रुग्णालयात यापेक्षा संकोचाचे बरेच काही विचारतात.

पुन्हा बाजाराकडे येतो, कारण माझ्या मनात मुख्यतः तोच आहे. पाण्याचे पुण्य आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. पक्ष्यांसाठी गच्चीगच्चीवर पाण्याची भांडी असतात, पांजरपोळांत हौद भरलेले असतात, चौकाचौकात पाणपोया निघतात. मात्र पाणपोईच्या उद्घाटनाच्या छायाचित्रात सात जण उभे असतात आणि पंधराव्या दिवशी रांजण भरायला एकही नसतो, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. फलक ताजा, रांजण कोरडा.

दुसरे असे की नुसत्या पाण्याने भागत नाही. हमालाची मजुरी पोत्यामागे ठरलेली. दुपारी दोन तास तो सावलीत बसला तर त्या दोन तासांची कमाई बुडते. म्हणून ‘बस रे थोडा वेळ’ असे आपण प्रेमाने म्हटले तरी तो बसत नाही. आणि ट्रक थांबला की त्याचे थांबण्याचे भाडे आपल्याला लागते, म्हणून आपल्यालाही तो बसायला नकोच असतो. दोन्ही बाजूंनी हिशेब उन्हाकडेच ढकलतो. किराणा ओळीतील माझ्या परिचयाच्या एका पेढीने दोन वर्षांपासून यावर तोडगा काढला आहे. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी बारा ते चार माल उतरवायचा नाही, ट्रकवाल्याशी सौदा करतानाच पहाटेची वेळ बांधून घ्यायची, आणि तरीही दुपारचे काम थांबले तर हमालांना ठरावीक भत्ता द्यायचा. पेढीचे तरुण मालक मला म्हणाले, ‘काकासाहेब, पहिल्या वर्षी वडील रागावले. वर्षअखेर खाते पाहिले तर ही रक्कम दिवाळीच्या मिठाईपेक्षा कमी निघाली.’

याच विचाराची मोठ्या प्रमाणावरील योजना अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने २०२३ मध्ये सुमारे २१ हजार कष्टकरी स्त्रियांसाठी सुरू केली. तो विमाच आहे, पण नुकसानीचा पुरावा मागत नाही. पारा ठरलेल्या अंशाच्या वर ठरलेले दिवस राहिला की रक्कम देय. दुसऱ्या वर्षी सदस्य स्त्रियांची संख्या सुमारे ५० हजारांवर गेली आणि त्या उन्हाळ्यात बहुतेकींना ४०० रुपये मिळाले. रक्कम लहान आहे. एक दिवस घरी राहण्याची मुभा मिळावी एवढीच. मला त्यातील मांडणी आवडली. आपल्या व्यापारी मंडळांनी आपापल्या बाजारातील हमालांसाठी असे काही करून पाहण्याजोगे आहे. हप्ता भरण्याची ऐपत आपल्याकडे निश्चित आहे.

नव्या माणसाकडे विशेष लक्ष हवे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात आणि काही आठवडे दूर राहिले की ती मोडते. गावाहून नुकताच आलेला मुलगा किंवा रजेवरून परतलेला माणूस यांना पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकेच उन्हातले काम द्यावे आणि रोज थोडे थोडे वाढवावे. काका पुण्याहून आदल्याच दिवशी आले होते, हे मी वर लिहिलेच आहे.

आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, चालताना झोकांड्या देऊ लागला तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की मेंदू प्रथम चुकतो. अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत खोटी. कष्टाचे काम करणाऱ्यास घाम असतानाही तो होतो. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे बर्फ ठेवावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला बोलवावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काही घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. रुग्णवाहिकेची वाट पाहत हात बांधून बसू नये. पाणी ओतणे हाच तोवरचा उपचार.

यंदा आमच्या जुन्या शाखेच्या कोपऱ्यावर आम्ही पाच निवृत्त मंडळींनी चार रांजण ठेवले आहेत. फलक लावलेला नाही. सकाळी आठ, अकरा आणि दुपारी तीन अशा भरण्याच्या वेळा असून, कोणाचा वार कोणता ते दुकानदारांकडे लिहून दिले आहे. रांजण रिकामा दिसला की ते थेट दूरध्वनी करतात. तीनची वेळ मला मुलगा जाऊ देत नाही, म्हणून ती शेजारच्या पेढीच्या मुलाने घेतली आहे.

शिपाईकाका आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यात लाल इशारा होता, तेव्हा दुपारी दोनला मी त्यांना दूरध्वनी केला. त्यांनी उचलला नाही. सायंकाळी त्यांचाच आला. म्हणाले, ‘दुपारी झोपलो होतो, साहेब. तुम्ही कोठे बाहेर तर नव्हता ना?’ मी घरीच आहे, असे त्यांना सांगितले.